खिंडीपलीकडचा परवाना

३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी यांस,
स. न. वि. वि.

तुमचा फोन नाही आणि माझाही नाही. फोनवर आपण दोघंही गप्प बसतो आणि मग एकदम 'ठेवू का' म्हणतो, त्यापेक्षा पत्र बरं. मी ठीक आहे. जेवते, फिरायला जाते, झोप लागते.

लिहायचं कारण असं. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, त्यांना मोठं टेबल हवं आहे. मागच्या खोलीतलं यांचं टेबल देते, असं मी म्हटलं. त्यावर तो जुना कॉम्प्युटर आहे. हलवण्याआधी आत काही कागदपत्रं असली तर काढून घ्यावीत म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. कागदपत्र एकही नाही. फक्त एक खेळ आहे.

चालू केल्याबरोबर एक खोली दिसली. लांब बाक, बाकावर दोन माणसं, शेजारी एक खेचर, समोर जाळीची खिडकी आणि खिडकीत कारकून. माणसांच्या डोक्यावर नावं आहेत, 'दादा' आणि 'धाकटा'. 'दादा'च्या खाली लिहिलं आहे, प्रकृती उत्तम.

ते मी दोनदा वाचलं आणि दुरुस्तीवाल्यासाठी चहा करायला आत गेले.

तो म्हणतो, यातली डिस्क करकरते आहे. आणखी पाच-सहा वेळा चालू होईल, मग नाही. वाचेल असं सांगत नाही, पण काढायची घाई नको, असंही म्हणाला. अगदी तुम्ही पेशंटच्या दाताविषयी बोलता तसा बोलला.

तेव्हा विचारते. दर नोव्हेंबरात तुम्ही येऊन चार दिवस दोघं दार लावून बसायचात, ते यासाठी का? मला वाटायचं, तुम्ही तुमच्या वडिलांच्या घराविषयी बोलता. म्हणून मी कधी आत आले नाही.

आणखी एक. खेचराच्या डोक्यावर 'बाईसाहेब' असं लिहिलेलं आहे. या घरात बाईसाहेब कुणाला म्हणत ते तुम्हाला माहीत आहे. खुलासा व्हावा.

जाऊबाईंना आठवण सांगा. लोभ आहे तेवढाच ठेवा, वाढला तर मला संशय येतो.

तुमची,
वहिनी


९ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी अंगावर काटा आला, मग हसू आलं, मग पुन्हा काटा आला. खुर्चीत पेशंट होता. त्याला वाटलं, त्याच्या दाताचं काहीतरी.

खेळाचं नाव 'खिंडीपलीकडे'. एकोणतीस वर्षं झाली. दादा तेव्हा लिफ्टच्या कंपनीत उमेदवारी करत होता, मी दाताच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत राहायचो. कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदाराने हा खेळ खोक्यात रिकामी जागा भरायला कागदाऐवजी टाकला होता. दुसरं कुणी नेत नव्हतं म्हणे. एका मासिकात त्यावर पाच ओळी आल्या होत्या, त्यांतल्या तीन खोक्याविषयी होत्या.

खुर्ची एकच होती. अर्धी-अर्धी बसायचो. बाणांच्या कळा दादाकडे, बाकी सगळ्या माझ्याकडे. आपली टोळी घेऊन सात गावं ओलांडायची आणि खिंडीपलीकडे जायचं, एवढीच गोष्ट. पण त्यात बूट ओले व्हायचे, वहिनी. ओल्या बुटांनी चाललं की पायाला फोड यायचे आणि फोडांनी माणूस मरायचा. पहिला आठवडा आम्ही फोडांनीच मेलो. दादाने बूट वाळवायची जागा शोधली त्या दिवशी आम्ही बाहेर जेवायला गेलो. गावातल्या प्रत्येक म्हातारीला तिच्या शेळीचं नाव विचारता यायचं आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं असायचं. आम्ही सगळ्यांना विचारलं. त्याचा पुढे काडीचा उपयोग झाला नाही. तिसऱ्या गावात एकदा बर्फ पडलं. बर्फ म्हणजे बारा पांढरे ठिपके. आम्ही तासभर नुसते पाहत बसलो.

हा खेळ खेळलेला दुसरा माणूस मला आजवर भेटला नाही. एका परिषदेत एक जण भेटला होता. आम्ही मिठी मारली, डोळे पुसले आणि मग कळलं की तो भलत्याच खेळाविषयी बोलतोय. आता मी फक्त पेशंटना सांगतो. त्यांचं तोंड उघडं असतं, त्यामुळे विषय बदलता येत नाही.

सहा गावांत राक्षस आहेत. सातव्यात कचेरी आहे. खिंडीचा परवाना तिथला कारकून देतो आणि तो देत नाही. गेली सतरा वर्षं आम्ही त्या खोलीत अडकलो आहोत. दर नोव्हेंबरात मी नवी योजना घेऊन यायचो. त्याच्यावर आग फेकली, वीज पाडली, त्याला झोपवलं, त्याचा बेडूक केला. बेडूकही खिडकीत बसून राहिला आणि आमचा अर्ज तळाला गेला. दादा फक्त म्हणायचा, 'बघू पुढच्या वर्षी.'

खेचराविषयी. तुमचं लग्न झालं त्याच्या आधीपासून ते टोळीत आहे. नाव दादाने नंतर ठेवलं. टोळीत वाट न चुकणारं तेवढं एकच आहे. लगाम सोडला की ते आपणहून बरोबर रस्त्याला लागतं. मी तेव्हाच म्हटलं होतं की हे एक दिवस अंगाशी येईल.

मशीन चालू करून बघा हवं तर, पण कशाला हात लावू नका. ते दोघं तिथे बसलेत ते बसू द्या.

नमस्कार पोचवतो आणि रागाची वाट पाहतो.

आपला,
धाकटा


१५ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी यांस,
स. न. वि. वि.

खेचराचा खुलासा वाचला. पटला नाही. पुढे.

टेबलाचं शिवणकामवाल्या बाईंना नाही सांगून टाकलं. त्यांना मी स्वयंपाकघरातलं देते आहे.

खोक्यात चौसष्ट पानांची पुस्तिका आहे. ती मी पूर्ण वाचली, मागच्या सूचीसकट. तुम्ही दोघांनी ती वाचलेली दिसत नाही, पानं एकमेकांना चिकटलेली होती. मग मशीन चालू करून ती कचेरी नीट पाहिली. पाऊण तास पाहत होते.

भाऊजी, तुम्ही शिकलेली माणसं आहात. कोपऱ्यात पाटी आहे, तिच्यावर आकडा आहे. दादांच्या हातात बिल्ला आहे, त्याच्यावरही आकडा आहे. पाटीवर ४७ आणि बिल्ल्यावर ३१२. साधारण वीस मिनिटांनी पाटीवरचा आकडा एकाने पुढे जातो. मात्र आपण एक कळ जरी दाबली तरी बिल्ल्यावरचा आकडा बदलून शेवटचा होतो. म्हणजे ज्याने घाई केली तो रांगेच्या टोकाला. मध्ये कारकून जेवायला जातो, तेव्हा पाटी थांबते.

यात गूढ काय आहे? मी नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं चार नंबरच्या खिडकीत बसले. एका गृहस्थांनी एकदा माझ्या जाळीवर छत्री आपटली होती. मी नोकरी सोडली तेव्हाही त्यांचा अर्ज फिरतच होता. तुम्ही तर बेडूक केलात. मला त्या कारकुनाचं काही चुकलेलं दिसत नाही. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली आहे.

एवढं मात्र खरं की हा खेळ लिहिणारा कधी रांगेत उभा राहिलेला नसावा. बाकावर बसलेल्यांना भूक लागत नाही, असं पान ५१ वर आहे.

डिसेंबरात यांच्या दाखल्यासाठी मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. बाहेरून ती खिडकी फार उंच आहे. हे मला आत बसून कधी कळलं नव्हतं.

तर मी ठरवलं आहे. मशीन बंद पडायच्या आत यांचा नंबर लावून द्यायचा. माझा नवरा कुणाच्या तरी खिडकीसमोर कायमचा ताटकळत बसला आहे, हे मला चालणार नाही. परवा सकाळपासून बसते. भाजी निवडायची आहे आणि दोन स्वेटर उसवायचे आहेत, वेळ जाईल.

तुमच्या पेशंटना माझी सहानुभूती कळवा.

वहिनी


२० फेब्रुवारी

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वेळेत पोचावं म्हणून टपाल कार्यालयात स्वतः जाऊन टाकतो आहे.

तुम्ही म्हणता ते पाटीचं आणि बिल्ल्याचं खरं असेल. सतरा वर्षं दोन माणसं ढळढळीत पाटीसमोर बसली आणि त्यांनी ती वाचली नाही, याची लाज वाटते. पण वहिनी, पान ५८ वाचलंत का? खिंडीतून जो गेला तो परत येत नाही. त्याचं नाव टोळीतून पुसलं जातं. पुन्हा मशीन चालू केलं तरी तो दिसणार नाही.

तिथे त्याच्याखाली प्रकृती उत्तम असं लिहिलेलं आहे. डॉक्टरांनी त्याच्या कागदावर शेवटचा महिनाभर काय काय लिहिलं ते आपण दोघांनी वाचलं. ही एकच जागा उरली आहे जिथे वेगळं लिहिलंय. ते पुसायची आपल्याला कोण घाई?

मी रोज लोकांना सांगतो, दुखत नसलेला दात काढू नका. तुम्हाला वाटतं तो ताटकळला आहे. मला वाटतं तो बसला आहे. मशीन बंद पडलं तर पडो. आत तो बाकावर आहे, एवढं मला माहीत असलं की पुरे. मी शेजारी आहे. खेचरही आहे.

मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. हे मागतो. थांबा.

लहान आहे, समजून घ्या.

धाकटा


२३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. तोवर माझे पाच दिवस बसून झाले होते आणि पाटीवर ३१० होता. तुम्ही थांबा म्हटलं होतं. मीही थांबलेलीच होते, दुसरं काहीच करत नव्हते. म्हणून उठले नाही.

पावणेचारला नंबर लागला. कारकुनाने मान वर केली. ही हालचाल तुम्ही कुणी पाहिलेली नाही, म्हणून सांगते. तो म्हातारा आहे आणि नम्र आहे. त्याने लिहिलं: परवाना एकालाच मिळेल. बाकीच्यांनी पुन्हा बिल्ला घ्यावा. कोण जाणार? खाली तिन्ही नावं आली, आणि शेवटी 'कुणीही नाही'.

मी काहीही दाबलेलं नाही. पुस्तिकेप्रमाणे उत्तर देईपर्यंत खिडकी उघडी राहते. मशीन चालूच ठेवलं आहे. त्याच्याशेजारी पंखा लावला आहे, झाडणाऱ्या बाईंना खोलीत यायची बंदी केली आहे आणि प्लगवर चिकटपट्टी मारून 'हात लावू नये' असं लिहिलं आहे. माझ्या बहिणीने फोनवर विचारलं, काय करतेस. मी सांगितलं, यांचं एक काम कचेरीत अडकलं आहे. ती म्हणाली, वकील कर.

आता महत्त्वाचं. पंख्याची तार बसवायला पेचकस हवा होता, म्हणून यांचा खालचा खण उघडला. त्यात लिफ्ट तपासणीची एक वही मिळाली. तुम्हाला ते हस्ताक्षर माहीत आहे. पहिल्याच पानावर आहे तसं उतरवते:

'१२ ऑक्टोबर. तपासणी केली. रजा घेऊन पाच दिवस बसलो. नंबर लागला. एकालाच परवाना. कुणीही नाही असं कळवलं. पुन्हा बिल्ला घेतला. धाकट्याला सांगितलेलं नाही.'

खाली पुढच्या वर्षाचा ऑक्टोबर आणि 'वरीलप्रमाणे'. त्याच्याखाली त्याच्या पुढचा. सोळा वेळा 'वरीलप्रमाणे', शेवटचा गेल्या ऑक्टोबरचा. म्हणजे मी दिवसभर लोकांना खिडकीबाहेर बसवत होते आणि हे त्याच वेळी घरात रांगेत बसलेले होते. मला रजेचंही बोलले नाहीत. डबा घेऊन बाहेर पडायचे. मी गेल्यावर परत येत असणार.

गेल्या ऑक्टोबरच्या 'वरीलप्रमाणे'नंतर मात्र एक ओळ जास्त आहे: 'धाकटा नवीन योजना आणेल. बेडकाची चांगली होती.'

भाऊजी, यांना पाटी वाचता येत होती. तुम्ही दर वर्षी यावं म्हणून यांनी परवाना घेतला नाही.

वही वाचल्यावर मी बराच वेळ पंख्यापुढे बसले. मला वाटलं होतं मी यांना सोडवते आहे. आता वाटतं, हे अडकलेले नव्हतेच, आणि या बाकाविषयी तुमचं मत माझ्यापेक्षा जास्त धरलं पाहिजे. म्हणून हे एकटीने करणार नाही. तुम्ही 'कुणीही नाही' म्हणालात तर तेच दाबीन आणि दार लावून घेईन. रागावणार नाही.

मात्र लवकर कळवा. पंखा आवाज करायला लागला आहे.

वहिनी


२ मार्च

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला. तुमचं पत्र दवाखान्यात मिळालं. खुर्चीतल्या शिक्षकांना 'तोंड उघडं ठेवा' म्हणून सांगितलं, पत्र फोडलं आणि त्यांना विसरलो. तुमच्या जाऊबाईंनी आत येऊन त्यांचं तोंड मिटलं. भला माणूस, काही बोलला नाही. बोलता येत नव्हतं.

मलाही एक कबुली द्यायची आहे. पान ४० वर लिहिलेलं आहे की कचेरीत आग, वीज, मंत्र यांपैकी काहीही चालत नाही. हे मी तिसऱ्या वर्षी वाचलं होतं. दादा आंघोळीला गेला होता आणि मी पुस्तिका उघडून पाहिली. मग परत खोक्यात ठेवली. योजना फसणार हे मला माहीत असायचं. मी गाडीत बसून नवी योजना रचायचो ती त्याला सांगायला मजा येईल म्हणून. बेडकाच्या वेळी तो इतका हसला होता की तुम्ही बाहेरून दार वाजवलं होतंत. आम्ही खोटं सांगितलं की खुर्ची मोडली.

नंबराचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं. आमच्यात तो हुशार होता.

पाच दिवस मी विचार केला असं लिहिणार होतो, पण विचार पहिल्याच दिवशी झाला होता. लिहायला मात्र बसलो नाही. तो बसला होता कारण मी येणार होतो. या वर्षी मी आलो तरी शेजारी बसायला कोण आहे? मग त्याला उगाच का बसवून ठेवायचं?

जाऊ द्या त्याला, वहिनी.

मला इथेच बसू द्या. आणि तो गेला की काय काय दिसलं ते बारीकसारीक लिहा. तुम्ही थोडक्यात लिहिता, तसं लिहू नका.

नमस्कार. आणखी काही सुचत नाही.

धाकटा


६ मार्च

प्रिय भाऊजी यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र काल आलं. आज सकाळी अकराला, म्हणजे कचेरीच्या चांगल्या वेळेत, मी बसले. त्याआधी केस विंचरले आणि चष्मा पुसला.

'दादा' या नावावर दाबलं. मला वाटलं लगेच होईल, पण कारकुनाने अर्ज काढला. नाव, वय, व्यवसाय. व्यवसायाच्या यादीत तलवारबाज, जादूगार, वैद्य असं सगळं होतं, लिफ्ट तपासनीस नव्हता. 'इतर' लिहिलं. प्रवासाचं कारण विचारलं: व्यापार, लढाई, वारसा, इतर. तिथेही 'इतर'. मग त्याने खुलासा मागितला आणि बारा अक्षरांची जागा दिली.

मी एकतीस वर्षं लोकांना सांगत आले, रकाना रिकामा ठेवू नका. मी तो रिकामा ठेवला. त्याने थोडा वेळ पाहिलं आणि घेतला. मी घेतला नसता.

त्याने शिक्का मारला. आवाज आला, लहानसा. डावीकडची भिंत सरकली. ती भिंत नव्हती, दार होतं. हे बाकावरून उठले. तुम्ही आणि मी जागचे हललो नाही. तशी सोयच नाही.

आता तुम्ही मागितलं आहे तसं बारीक लिहिते. दारापर्यंत सात पावलं आहेत. खेळ ज्याने केला त्याने माणसाचं पाठमोरं चित्र काढलेलंच नाही. समोरून आणि बाजूने, एवढीच चित्रं आहेत. दाराशी वळून पाठमोरं व्हायची वेळ आली तेव्हा हे समोरच राहिले. म्हणजे आपल्याकडे तोंड करून मागे मागे चालत गेले. सगळा वेळ आपल्याकडे बघत. बाहेर रस्ता होता, उतार होता, त्या उतारावरूनही तसेच उलटे उतरले. लहान होत गेले, तरी तोंड इकडेच. मला एकदा वाटलं ठेच लागेल.

हसत होते का, ते सांगता येत नाही. चेहरा चार ठिपक्यांचा आहे.

मग दार बंद झालं. कारकून जेवायला गेला.

मी बाराच्या सुमारास उठले. दुपारी पाहिलं तेव्हा बाकावर तुम्ही एकटे होता आणि मी शेजारी उभी होते. तुमच्याखाली लिहिलं आहे, पायाला फोड. हे आधी होतं की आज आलं ते मला माहीत नाही. काळजी घ्या.

मशीन मी बंद केलं. पुन्हा चालू होईल असं दुरुस्तीवाला सांगत नाही. नोव्हेंबरात तुम्ही नेहमीसारखे चार दिवस या. चालू झालं नाही तर त्या खोलीत दोन खुर्च्या टाकू. योजना आणलीत तर मला सांगा, मी तुमच्या दादांइतकं हसेन असं नाही, पण पूर्ण ऐकून घेईन.

जाऊबाईंना नमस्कार. त्या शिक्षकांची माफी मागा. माझ्याबद्दल जे वाटतं ते वाटू द्या, पत्रात लिहायची गरज नाही.

तुमची,
बाईसाहेब